वहिनीचे ओठ, माझा आवाज

गोंदियालगतच्या कुडव्याहून गोरेगावच्या बाजूला शाळेत जाताना या दिवसांत माझी मोटारसायकल आपोआप हळू होते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना रोवणी, म्हणजे धानाची लावणी, लागलेली असते. कालपर्यंत ज्या बांधीत, धानाच्या खाचरात, नुसतं गढूळ पाणी आणि दोन-चार बगळे होते, तिथे आज सकाळी दहा-बारा पाठी वाकलेल्या दिसतात. संध्याकाळी परत येईपर्यंत तेवढा तुकडा हिरवा झालेला असतो. पऱ्ह्यांच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या पेंढ्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर पडलेल्या असतात. ट्रॅक्टरने चिखल केलेल्या बांधीतून एक वास येतो. त्यात कुजलेलं गवत असतं, डिझेल असतं आणि उलथलेल्या मातीच्या पोटातलं थंड असं काहीतरी असतं. हा वास हेल्मेटच्या आतसुद्धा शिरतो.

मला हा हंगाम आवडायचा. लहानपणी तर शाळा बुडवायचं हे हक्काचं निमित्त होतं. पण दोन वर्षांपासून रोवणी लागली की माझे कान गरम होतात. रस्त्यावरून जाताना एखादी बाई कंबर सरळ करून माझ्याकडे बघते, सहजच बघते, गाडीचा आवाज आला म्हणून. आणि मी उगाच मान वळवून घेतो. तिला काही माहीत नसतं. मला माहीत असतं.

दोन वर्षांपूर्वीच्या रोवणीत मी अडीच मिनिटांचा एक व्हिडिओ बनवायला शिकलो. त्याचीच ही गोष्ट आहे. तसा त्यात सांगण्यासारखा पराक्रम काही नाही.

त्या वर्षी शाळा उघडल्यावर आम्हा शिक्षकांना सांगितलं गेलं की प्रत्येकाने परिसरातला एक विषय घ्यायचा आणि मुलांसाठी छोटा व्हिडिओ तयार करायचा. आपल्याच मोबाइलवर, तीन मिनिटांच्या आत. एका दुपारी प्रशिक्षण झालं. शिकवणाऱ्या तरुण मॅडम भरभर बोलत होत्या, भिंतीवर चित्रं भरभर बदलत होती. माझ्या वयाचे आम्ही चार-पाच गुरुजी मागे बसून माना हलवत होतो. शेवटी त्यांनी विचारलं, काही शंका? कोणालाच शंका नव्हती. शंका यायलासुद्धा थोडं कळावं लागतं.

पहिला प्रयोग मी शाळेच्या कुंपणावरच्या गोकर्णीच्या वेलावर केला. मोबाइलचं लाल बटण दाबलं, वेलाभोवती हळूहळू फिरलो, फूल दाखवलं, शेंग दाखवली, तोंडाने माहिती सांगितली, बटण पुन्हा दाबलं आणि समाधानाने फोन खिशात टाकला. घरी येऊन पाहतो तर वेल कुठेच नाही. माझ्या चपला होत्या. त्या चपला व्हरांड्यातून चालत होत्या, मग खिशातला अंधार होता, आणि त्या अंधारात अकरा मिनिटं आवाज होते. पहिल्यांदा दाबलेलं बटण नीट लागलंच नव्हतं. म्हणजे मी सुरू समजत होतो तेव्हा ते बंद होतं आणि बंद केलं समजलो तेव्हा सुरू झालं होतं. अंधारात माझाच आवाज एका मुलीला सांगत होता, "कोटी नाही बाळ, कुठे म्हण. कुठे." मुलगी हळूच म्हणाली, "कुठे." मी ते ऐकून हसलो, चपलांची गंमत बायकोला दाखवली आणि पुसून टाकलं. त्या मुलीचा आवाज किती बारीक झाला होता, ते तेव्हा मला ऐकू आलं नव्हतं.

दुसऱ्या वेळी फोन उभा धरला. तिसऱ्या वेळी आडवा धरला, पण बोट माइकच्या भोकावर होतं. चौथ्या वेळी सूर्य वेलाच्या मागे होता, त्यामुळे वेल कोळशाने काढल्यासारखा काळा आला. गोंदियाच्या बाजारात एका दुकानदाराने माझी सगळी कहाणी शांतपणे ऐकून घेतली आणि कॉलरला लावायचा एक लहानसा माइक काढून दिला. त्याला काळ्या फोमची टोपी होती. "सर, ये हवा को काटता है," तो म्हणाला. "खेत में भी आवाज साफ आएगी." मी तो विकत घेतला. त्या दुकानदाराचं वाक्य पुढे मला फार छळणार होतं.

विषय मी रोवणी घेतला आणि सांगायला वहिनीला घ्यायचं ठरवलं. इथपर्यंत माझ्या मनात काही पाप नव्हतं.

वहिनी म्हणजे माझ्या मोठ्या भावाची बायको, पारबता. आमचं गाव सौंदडच्या स्टेशनापासून आत, सायकलने अर्ध्या तासावर. माझी आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो. घरात चूल पेटवायला कोणी हवं म्हणून त्याच उन्हाळ्यात दादाचं लग्न उरकलं, आणि सतरा वर्षांची वहिनी आली ती थेट माझं नाक पुसायलाच. ती मला बाबू म्हणते. मला नोकरी लागली, लग्न झालं, केस पिकायला लागले, तरी बाबूच. दादाची थोडी स्वतःची आणि थोडी ठेक्याने घेतलेली धानाची शेती आहे. दादा शेतीचा मालक असला तरी बांधी बोलते ती वहिनीशी. कोणत्या बांधीत पाणी किती ठेवायचं, कोणता पऱ्हा कधी उपटायचा, हे दादा तिला विचारतो. गावातले लोकही विचारतात.

मी तिला म्हटलं, "वहिनी, रोवणी कशी करतात ते तू सांगशील का? मी मोबाइलमध्ये घेतो. शाळेतल्या मुलांना दाखवायचं आहे."

ती भाजी निवडत होती. "लेकरायले मालूम नाई का रोवणी? कास्तकारायचीच तं लेकरं हायत."

"माहीत आहे, पण असं नीट कोणी सांगत नाही त्यांना."

तिने थोडा विचार केला. "मंग सांगन," ती म्हणाली, आणि भाजीची परात बाजूला सारून मला विचारायला लागली, किती लेकरं आहेत, कितवीतली आहेत, पोरी किती आहेत.

पुढच्या रविवारी मी शेतावर पोहोचलो तर वहिनी धुऱ्यावर उभी. अंगावर जांभळी साडी, लग्नाकार्यात नेसायची. केसांना तेल, कपाळावर ताजं कुंकू. बाकीच्या बाया जुन्या साडीवर नवऱ्याचे शर्ट घालून, डोक्याला फडकी बांधून बांधीत उतरल्या होत्या आणि तिला हसत होत्या.

"वहिनी, चिखलात ही साडी?"

"लेकरं पायतीन ना," ती म्हणाली.

त्या दिवशी मी तिला सात वेळा तेच सांगायला लावलं. पहिल्यांदा माइकची पिन फोनमध्ये अर्धीच गेली होती. दुसऱ्यांदा मागून रेल्वेचा भोंगा आला. तिसऱ्यांदा तिचा फक्त हात आला, तोंड नाही. चौथ्यांदा माझाच पाय चिखलात रुतला आणि फोन पाण्यात पडता पडता वाचला. दरवेळी मी म्हणायचो, "परत एकदा, वहिनी." दरवेळी ती परत सांगायची. न कंटाळता, आणि दरवेळी आधीपेक्षा चांगलं.

एकदा मात्र ती थांबली. तिच्या हातांचं जवळून चित्र मला हवं होतं आणि तोपर्यंत तिने तो कोपरा रोवून टाकला होता. मी म्हटलं, "एवढी ओळ काढून पुन्हा लावतेस का?"

शेजारची शेवंताबाई कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "रोवला पऱ्हा उपटते का कोणी? काय गा गुरुजी, असं करतेत का?"

वहिनी वाकली, ओल्या हाताची बोटं चिखलाला आणि मग कपाळाला लावली, आणि स्वतःच रोवलेली ओळ एकेक करून उपटली. मग पुन्हा रोवली. मी चित्र घेतलं. छान आलं. तिच्या कपाळावर कुंकवाच्या वर चिखलाचा ठिपका राहून गेला होता, तोही आला.

पुढच्या रविवारी सगळं जुळून आलं. सूर्य माझ्या पाठीशी होता, पिन पूर्ण बसली होती, वारा पडला होता. वहिनीने तीच जांभळी साडी धुऊन नेसली होती. काठाला चिखलाची पिवळट रेघ तशीच राहिली होती. हातात पऱ्ह्यांची पेंढी घेऊन ती मोबाइलकडे नाही, मोबाइलच्या मागे जणू तीस लेकरं बसली आहेत अशा ठिकाणी बघत बोलली. मला ते शब्द अजून जवळजवळ पाठ आहेत.

"लेकरायहो, हे पाहा. पऱ्हा उपटाले सोपा गेला तं समजा, तयार झाला. ओढाताण करा लागली तं अजून त्याले माय सोडाची नाई. राहू द्या दोन दिस. रोवताना दोन-तीन काड्याच घ्याच्या. जास्त घेतल्या तं आपसात भांडतेत. बोटाच्या पेरभर खाली रोवाचं. खोल गेला तं गुदमरते, वरवर राहिला तं पाण्यावर तरंगते. आन रोवल्यावर दोन दिस त्याच्याकडं पाहूच नका. पिवळा पडते तो. नव्या घरी लाजते. मंग तिसऱ्या-चवथ्या दिवशी आपोआप मान उचलते."

बायांनी रोवणी थांबवली होती. शेवंताबाई म्हणाली, "बाई, तू तं मास्तरीन झाली." वहिनी हसली नाही. तिने मला विचारलं, "बराबर झालं का, बाबू?"

"एकदम बरोबर," मी म्हणालो. खरंच म्हणालो.

नंतरचा रविवार मी कुडव्याच्या घरात, मोबाइलवर चित्रं कापत आणि जोडत घालवला. कापणं म्हणजे काय हे कळायलाच सकाळ गेली. एकदा रोवणं आधी आणि पऱ्हा उपटणं नंतर आलं, एकदा सगळं उलट्या क्रमाने लागलं आणि वहिनीच्या हातातून पऱ्हे चिखलाबाहेर उड्या मारायला लागले. दुपारपर्यंत मात्र हात बसला. हातांचं चित्र, पाण्याचं चित्र, बगळ्याचं चित्र, मग वहिनी. सगळं नीट ओळीने लागलं. मी कानात हेडफोन घातले आणि पहिल्यांदा सलग ऐकलं.

आवाज स्वच्छ होता. शेतातला बेडूकसुद्धा वेगळा ओळखू येत होता. आणि त्या स्वच्छ आवाजात "उपटाले", "लेकरायहो", "पाहा" म्हणताना तिचा लांबणारा "हा", हे सगळं माझ्या कानाच्या अगदी आत येऊन बोललं. मला एकदम दिसलं की हा व्हिडिओ इतर शिक्षक बघतील. साहेब बघतील. कोणीतरी गालात हसेल. माझं तोंड तापलं.

असं मला कोणी म्हणालं नव्हतं. हे लिहून ठेवतो, कारण पुढे मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं की वरून तशी अपेक्षा होती. वरून कसलीच अपेक्षा नव्हती. एकाही माणसाने मला सांगितलं नव्हतं की प्रमाण भाषाच हवी.

मी विशीत असताना शिक्षणासाठी दूर, पश्चिमेकडच्या एका गावी वसतिगृहात राहिलो. पहिल्याच आठवड्यात जेवणाच्या पंगतीत मी वाढप्याला विचारलं, "भाजी सरून राहिली का?" पंगत हसली. मीही हसलो. त्यानंतर दोन वर्षं कोणी भाजी वाढायला आलं की पोरं एकमेकांना विचारायची, सरून राहिली का, आणि माझ्याकडे बघायची. मी रात्रंदिवस कान देऊन त्यांच्यासारखं बोलायला शिकलो. गावी परत आलो तो धुतलेली जीभ घेऊनच. आणि गंमत अशी की त्या जिभेचं सगळ्यात जास्त कौतुक वहिनीलाच होतं. पाहुण्यांना ती सांगायची, "आमचा बाबू पुस्तकासारखा बोलते."

तर मी तिचा आवाज काढून टाकला. मोबाइलमध्ये ते फार सोपं असतं. आवाजाच्या पट्टीवर बोट ठेवायचं आणि शून्यावर आणायचं. मग कागदावर मजकूर लिहिला. खोलीत घुमतं म्हणून अंगावर रजई ओढून घेतली, कारण प्रशिक्षणात तसं सांगितलं होतं. भर दमट दुपारी, पंखा बंद करून, पंचेचाळीस वर्षांचा मी रजईखाली घामाने निथळत फोनला सांगत होतो, "एकवीस ते पंचवीस दिवसांच्या रोपांची मुख्य शेतात पुनर्लागवड करावी. प्रत्येक चुडात दोन ते तीन रोपे असावीत." गुदमरणं, भांडणं, नव्या घरी लाजणं, यातलं काहीच त्यात नव्हतं. ते कसं घालायचं, मला सुचलंच नाही.

बायको दारातून बघत होती. ती गोंदिया शहरातली, तिच्या बोलण्यात अर्धी हिंदी असते आणि तिला त्याचं काही वाटत नाही. ती म्हणाली, "वहिनीचं बोलणं काऊन काढलं? अच्छा तर लागून राहिलं होतं."

"वारा आला त्यात," मी रजईतून म्हणालो. हे पहिलं खोटं.

फोनची जागा भरली होती. व्हिडिओ तयार झाल्यावर मी कच्चं सगळं पुसून टाकलं. सात वेळचं सांगणं, रेल्वेचा भोंगा, आणि तो शेवटचा, वारा नसलेला रविवार.

रोवणी संपल्यावर गावी गेलो. वहिनीने आधीच सांगून ठेवलं होतं. दुपारी दादाच्या घरी, टीव्हीसमोर, रोवणीच्या सगळ्या बाया येऊन बसल्या होत्या. कुणाच्या पायाच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या होत्या, त्यावर मेंदीचा लेप होता. लालसर पाय पुढे पसरून, एकमेकींना ढकलत त्या जागा करत होत्या. वहिनीने चहा केला होता आणि स्वतः सगळ्यांच्या मागे, दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. मी वायरीने फोन टीव्हीला जोडला. आता हेही मला येत होतं.

बांधी दिसली. बगळा दिसला. आपले हात, आपले पाय ओळखून बाया एकमेकींना कोपराने ढोसत होत्या. मग जांभळ्या साडीतली वहिनी आली. तिने पेंढी उचलली, तोंड उघडलं, आणि त्या तोंडातून मी बोललो.

ढोसणारी कोपरं थांबली. पडद्यावर वहिनीचे ओठ हलत होते, डोळे मोठे होत होते, हात सांगत होते, आणि वरून माझा कोरडा आवाज चालला होता, मुख्य शेत, पुनर्लागवड, प्रत्येक चुडात. ओठ थांबायचे तेव्हा मी बोलत असायचो. मी थांबायचो तेव्हा ओठ हलत असायचे. अडीच मिनिटं इतकी लांब असतात, हे मला ठाऊक नव्हतं.

शेवंताबाई मागे वळून म्हणाली, "पारबता, तुहा आवाज कोटी गेला वो?"

मी तोंड उघडलं. पण माझ्या आधी दारातून वहिनी म्हणाली, "त्या दिवशी माहा गळा बसला होता. म्हणून बाबूनं सांगलं."

सगळ्या बाया त्या दिवशी तिथेच होत्या. तिचा गळा बसला नव्हता हे प्रत्येकीला माहीत होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी काय करायला हवं होतं ते या दोन वर्षांत मी हजारदा करून पाहिलं आहे, मोटारसायकलवर, अंघोळ करताना, वर्गात फळ्याकडे तोंड करून. प्रत्यक्षात मी म्हणालो, "हो, आणि वाराही होता थोडा."

वहिनीने कप गोळा केले. जाताना तिने मला सोबत तांदूळ दिला आणि विचारलं, "साहेबायले आवडन ना?"

आवडला. वरच्या बैठकीत दाखवला गेला. कोणीतरी म्हणालं, भाषा सुस्पष्ट आहे. मला एक प्रमाणपत्र मिळालं, ते मी कपाटाच्या खणात कागदांखाली ठेवलं. माझ्या वर्गातही मी तो व्हिडिओ दाखवला. गोरेगावकडची ही मुलं, काहींच्या घरी पोवारी, काहींच्या घरी वहिनीसारखीच बोली. ती मुलं शांत बसून बघत होती. एका मुलीने विचारलं, "सर, ही बाई काय सांगून राहिली?" मी म्हटलं, "ऐकू येतंय ना?" ती म्हणाली, "ते तं तुमी सांगता. ही काय सांगते?"

मी मुलांना पुस्तकं उघडायला सांगितली.

त्यानंतर मी मूळ आवाज शोधायचा प्रयत्न केला. गोंदियाच्या त्याच दुकानदाराकडे गेलो. पुसलेलं परत आणता येतं का, विचारलं. त्याने फोन तासभर ठेवून घेतला आणि मान हलवली. "नहीं मिलेगा सर. ऊपर से बहुत कुछ भर गया." गेल्या वर्षी रोवणी लागली तेव्हा मी गावाकडे फिरकलोच नाही. शाळेचं काम आहे, असं फोनवर सांगितलं. तेही खोटंच होतं.

या वर्षी गेलो. परवाच्या रविवारी. माइक घेऊन गेलो. वहिनीची कंबर आता दुखते, ती दिवसभर रोवत नाही. धुऱ्यावर बसून पेंढ्या सोडून देते आणि कोण किती खोल रोवतंय त्यावर नजर ठेवते. मी म्हटलं, "वहिनी, परत एकदा घेऊ. या वेळी तुझाच आवाज."

ती उठली. हात धुतले. केस सारखे केले. माइक लावून घेतला, आणि मोबाइलच्या मागच्या त्याच जागेकडे बघत, हळूहळू, शब्द चाचपत बोलायला लागली. "मुलांनो. एकवीस ते पंचवीस दिवसांच्या रोपांची... मुख्य शेतात पुनर... पुनरलागोड करावी. प्रत्येक चुडात..."

दादाच्या फोनमध्ये तो व्हिडिओ होता. दोन वर्षं ती तो बघत होती. तिला तो पाठ झाला होता.

मी थांबवलं. "असं नको, वहिनी. तू बोलतेस तसं बोल."

"ते घरचं होय," ती म्हणाली. "व्हिडिओत तसं बोलत नाईत ना."

बांधीतल्या बाया दूर होत्या. आता टाळायला जागा उरली नव्हती. मी म्हणालो, "त्या वेळी वारा नव्हता, वहिनी. तुझा आवाज चांगला आला होता. मीच काढला."

"कायले काढला?"

"लाज वाटली."

"कायची?"

"बोलण्याची."

"कोनाच्या? तुह्या का माह्या?"

मी म्हटलं, "दोघांच्या."

तिने शेजारची पेंढी उचलली. हातातल्या पेंढीची गाठ सोडली, पुन्हा बांधली. रागावली असती तर बरं झालं असतं. मग म्हणाली, "मले वाटलं, मीच काही चुकीचं सांगलं. म्हणून तू काढलं. दोन साल मी तेच पाहून राहिली, का कोटी चुकलं. धानाचं मले चुकते, असं कधी वाटलं नव्हतं."

एवढंच. तिला तिच्या बोलण्याची लाज वाटली असेल, माझा राग आला असेल, असं मी धरून चाललो होतो. तिला चाळीस वर्षांच्या आपल्या हातांवर शंका आली होती, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. मी बांधीकडे बघत राहिलो. काय म्हणायचं असतं अशा वेळी? मी म्हटलं, "तुझं काही चुकलं नव्हतं. एक शब्दही नाही."

"मंग ठीक हाय," ती म्हणाली. पण ते ठीक नव्हतं, आणि तिने तसं दाखवायचा फार प्रयत्नही केला नाही. थोड्या वेळाने तिने पदराला लावलेला माइक काढला आणि माझ्या शर्टाला लावला. "आधी तू सांग. तू कोन, मी कोन, ते सांग. घरच्यासारखं सांगजो. मंग मी सांगन."

फोन तिने हातात घेतला. कसा धरायचा ते मी दाखवलं, आडवा. मी धुऱ्यावर उभा राहिलो. चिखलाचा वास येत होता. मी म्हणालो, "नमस्कार. ही माझी वहिनी."

"असं नाई."

पुन्हा म्हणालो. पुन्हा तसंच आलं, धुतलेलं. तिसऱ्यांदा जोर करून बोललो तर ते नाटकातल्या गड्यासारखं वाटलं, कोणाची तरी नक्कल केल्यासारखं, आणि मला माझीच शिसारी आली. पंचवीस वर्षं मुलांची वाक्यं सुधारणारा मी, माझ्याच घरच्या बोलीतलं एक वाक्य मला सरळ म्हणता येत नव्हतं. बाया आता रोवणी थांबवून बघत होत्या. कोणी हसलं नाही. हसल्या असत्या तरी चाललं असतं.

चौथ्यांदा म्हणालो, "हे माही वयनी होय. इनं मले..."

आणि पुढचं येईना. तिने मला काय काय दिलं ते सगळं डोळ्यांसमोर होतं, फक्त त्याला शब्द नव्हते. जे शब्द येत होते ते वसतिगृहातून आणलेले होते.

वहिनीने फोन खाली केला नाही. आडवाच धरून ठेवला.

"सांग बापा," ती म्हणाली. "मले घाई नाई."

मी घसा साफ केला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.